घरचं माणूस

किमान वेतनाच्या कचेरीतल्या मॅडम तशा बऱ्या होत्या. त्यांनी मावशींना खुर्ची दिली, पाणी मागवलं. शेजारीच वहिनी बसल्या होत्या. वहिनींच्या बरोबरीने बसायची सवय नसल्यामुळे मावशी खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या होत्या.

अर्ज मावशींचाच होता. एकोणीस वर्षं त्या वहिनींच्या घरी राहून स्वयंपाकपाणी, धुणीभांडी, पोरांचं दुखणंखुपणं सगळं बघत आल्या. हातात पडायचं ते वहिनींच्या मनाला येईल तेवढं. समोरच्या घरी काम करणाऱ्या बाईने कानमंत्र दिला, तेव्हा कुठे धीर झाला. अर्ज मंजूर झाला, तर म्हातारपणी स्वतःची एक खोली भाड्याने घेता येणार होती.

पण वहिनीही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी नियमाची पळवाट बरोबर हुडकून आणली होती. मॅडमनी नियम वाचून दाखवला. घरात राहणारी बाई कुटुंबातलीच एक म्हणून राहत असेल, सगळ्यांबरोबर एका टेबलावर जेवत असेल, तर किमान वेतन तिला लागू नाही.

"आमच्यातलीच आहे ती," वहिनी म्हणाल्या. "परकी कधी मानलीच नाही."

मावशींनी चमकून वर पाहिलं. एवढं ऐकायला त्यांचे कान आसुसले होते. खोटं आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? सगळ्यांची जेवणं उरकली, की ओट्याशी उभ्या उभ्या त्या उरलंसुरलं खायच्या. तरी गोड वाटलं.

"मावशी, तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या. "टेबलावर जेवता त्यांच्याबरोबर? नीट विचार करा. हो म्हणालात, तर अर्ज इथेच निकालात निघेल."

मावशींनी विचार केला. खोली काही डोळ्यांसमोर येईना. टेबलच येत राहिलं.

"हो," त्या म्हणाल्या.

मॅडमनी अर्जावर शेरा मारला आणि फाइल मिटली. वहिनी पर्स घेऊन उठल्यासुद्धा.

"खिडकीकडची खुर्ची माझी," मावशी सांगतच होत्या. "धाकटीच्या शेजारची. माझ्या ताटातलं उचलायची खोड आहे तिला, म्हणून मी जरा जास्तच वाढून घेते. आणि मला यायला उशीर झाला ना, तर कोणी सुरुवात करत नाही."