आतली कडी

त्या बाईंच्या पत्राला बाळनं तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधं होतं. ‘माझे वडील तुमच्या आजोबांच्या पलटणीत होते. लढाई संपल्यावर तुमच्याच हॉटेलात येऊन राहिले आणि तिथेच तापानं गेले, असं आम्हाला कळवण्यात आलं. मी आता थकले. शेवटी त्यांच्याजवळ कोणी होतं का, एवढंच सांगा.’

बाळ म्हणजे सत्तरीला आलेला गृहस्थ. छापखान्यात जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केलेल्या. स्वतःचं साधं पोस्टकार्ड लिहायचं तरी आधी कच्चा खर्डा लागायचा. आजोबांबद्दल घरात सांगत ते त्यालाही तोंडपाठ होतं: जखमी जोडीदाराला गोळीबारातून पाठीवर उचलून आणलं, फौज सुटल्यावर हॉटेल काढलं, ते बुडालं. त्यापुढचं माहीत असणारी एकटी आत्या उरली होती. तिला विचारायचा त्याला धीर होत नव्हता. आज त्यानं पत्रच तिला वाचून दाखवलं.

आत्या मटार सोलत बसली होती.

“आता बरं सुचलं विचारायला! मी वर जायची वाट बघत होतास का रे?”

“तसं नाही गं.”

“हॉटेल कशानं बुडालं, सांग बघू.”

“आजोबा तापट होते म्हणून.”

“कड्या काढल्या म्हणून. एकाही खोलीला आतून कडी ठेवली नाही. अशा ठिकाणी बायकापोरं घेऊन कोण उतरणार? दार बघायचे, बॅग उचलायचे आणि समोरच्या हॉटेलात जायचे. आई कपाळ बडवून घ्यायची.”

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“पाठीवर आणलेला जोडीदार तो हाच, या बाईचा बाप. जिन्याच्या तोंडाशी त्याची खोली. सकाळी बाबा चहा घेऊन वर गेले, मागे मी टॉवेल घेऊन. बाबांचा नियम होता, आतून ‘या’ म्हटल्याशिवाय गिऱ्हाइकाचं दार उघडायचं नाही. त्यांनी दार वाजवलं. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. त्यांनी पुन्हा वाजवलं. बोटाच्या पेरानं, हळू. ‘साहेब, चहा.’”

“जोडीदाराला साहेब?”

“हॉटेलात सगळेच साहेब. वाजवतच राहिले रे. चहावर साय धरली. मी म्हटलं, बाबा, ढकला ना. तर मलाच म्हणाले, हळू बोल, गिऱ्हाईक झोपलंय.” तिनं शेंग टोपलीत टाकली. “शेवटी लाथ घातली. एका लाथेत कडी निखळली. एका लाथेत, बाळ. आत स्टूल आडवं पडलं होतं.”

पुढचं तिनं सांगितलं नाही.

“ताप होता, असं बाबांनीच कळवलं. तूही तेच कळव. म्हातारीला सुखानं जाऊ दे. आणि बाबांचंही नाव राहू दे.”

“आत्या, जवळ कोणी होतं का, असं विचारलंय तिनं.”

“होतं की,” आत्या म्हणाली. “दाराच्या अलीकडे.”

घरी येऊन त्यानं खर्डा केला. ताप, वैद्य, उशाशी बसलेले आजोबा. सवयीनं पेन्सिल घेऊन तपासला. एकही चूक सापडली नाही. त्यानं तो फाडला.

मग सरळ पेनानंच लिहिलं: ‘तुमच्या वडिलांजवळ माझे आजोबा होते. मध्ये दार होतं.’ त्यापुढे आत्यानं सांगितलेलं सगळं, कड्या काढल्या तेही. दोन ठिकाणी खाडाखोड झाली. ती तशीच ठेवून त्यानं पाकीट चिकटवलं, आणि चपला घातल्या.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीचं तोंड गंजलं होतं. पाकीट अर्ध्यात अडकलं. त्याला वाटलं, काढून घ्यावं, पुन्हा एकदा वाचावं. ती बाई आता आहे की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं. हलक्या हातानं त्यानं पाकीट थोडं हलवून पाहिलं.

मग तळवा टेकवून जोरानं ढकललं. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला.