पडद्यावरची नुरा कुस्ती

"दाबा वस्ताद, लाल बटण दाबा," रंगनाथ म्हणाला.

कारभारी वस्तादांनी लाल बटण दाबलं. पडद्यावरचा पैलवान हलला नाही. दोन श्वास घेऊन झाल्यावर त्याने सावकाश पाय उचलला, हवेत एक लाथ मारली आणि पुन्हा डुलत उभा राहिला. त्याच्या समोरचाही डुलतच होता.

सोनईच्या तालमीची पुढची खोली रंगनाथला दुकानासाठी मिळाली होती ती वस्तादांच्या शब्दावर. आज ते व्हिडिओ गेमचं मशीन स्वतः बघायला आले होते. त्यांना पटलं नाही तर संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायची. आणि पटावं असं त्यात होतं काय? रंगनाथने पुण्याहून मशीन आणलं ते नुसत्या चित्रावर भाळून. चित्र होतंच तसं. दंडावरच्या शिरा दिसायच्या, छातीवरून घाम ओघळायचा, मागे धबधबा पडायचा. खेळून बघायचं मात्र गड्याच्या डोक्यातच आलं नाही. कुठलंही बटण दाबा, लाथ तीच, आणि तीही उशिरा. महिन्याभरात दुकानात माश्या मारायची वेळ आली होती.

वेळ संपली. पहिली फेरी बरोबरीत सुटली. दुसरीही. वस्ताद काचेला नाक लागेपर्यंत पुढे सरकले.

"अंग काय कमावलंय," ते म्हणाले. रंगनाथचा जीव भांड्यात पडला.

"पन लढत न्हाईत. रंगनाथ, ही नुरा हाय."

नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती. गेल्या यात्रेत अशी लुटुपुटूची लढणाऱ्या दोघांना वस्तादांनी हलगी थांबवून काठीने आखाड्याबाहेर काढलं होतं. तीच काठी आत्ता त्यांच्या मांडीवर आडवी होती. रंगनाथ मशीनच्या काचेपुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

"ठरवून न्हाई करत वो वस्ताद. त्यांना लढायलाच येत न्हाई. नुसतं अंगच हाय."

वस्तादांनी वळून दाराकडे पाहिलं. दारात त्यांचा मुलगा श्रीमंत उभा होता, म्हणजे दार दिसत नव्हतं. रोजचं चार लिटर दूध, तेलाने चकाकणारे दंड, मांड्या केळीच्या खांबासारख्या, आणि पाच वर्षं प्रत्येक यात्रेत पहिल्याच मिनिटाला आस्मान पाहिलेलं. पंधरा दिवसांवर पुन्हा यात्रा आली होती. बापाला रात्रीची झोप नव्हती.

"तरी बी पडत न्हाईत?" वस्तादांनी हळूच विचारलं.

"न्हाई. कितीबी येळ खेळा, बरोबरीच."

वस्तादांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"खोली तुझ्याकडंच राहू दे. यात्रेपातूर दुसऱ्या कुनाला आत घेऊ नको. श्रीमंता, ये, बस हितं. हे दोघं उभं कसं राहत्यात तेवढं नीट बघून घे."