गुरुवारचा पहिला प्रश्न

"त्यांचा आवाज नाही मिळायचा, ताई," रेकॉर्डिंगवाली म्हणाली. "माईक एकच आहे, आणि तो वक्त्यापुढे."

मुलीने पर्समधून काढलेला पेन ड्राइव्ह हातातच राहिला. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. घरात फोटो ढीगभर होते, आवाज मात्र कुठेच नव्हता. बाबा फोन करायचे, पण निरोप कधी रेकॉर्ड करून ठेवायचे नाहीत. यंत्राशी काय बोलायचं, म्हणायचे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या त्यांनी. विद्यापीठाच्या आफ्रिका अभ्यास विभागात दर गुरुवारी जाहीर व्याख्यान होतं आणि ते रेकॉर्ड होतं, एवढ्या एका आशेवर ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती.

या विभागाशी बाबांचा संबंध लिफ्टमुळेच आला. नऊ वर्षांपूर्वी सेनेगलच्या एक चित्रपट दिग्दर्शिका इथल्या लिफ्टमध्ये अडकल्या. बाबांनी त्यांना बाहेर काढलं. बाईंनी त्यांना हाताला धरून सभागृहात नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. ते जे बसले, ते बसलेच. निवृत्तीनंतरही खुर्ची तीच. व्याख्यान संपलं की पहिला प्रश्न त्यांचाच.

"पण प्रश्न विचारायचे, तेव्हाचं तरी असेल ना?"

"तेव्हाची नुसती गुणगुण येते. बाटलीत माशी अडकल्यासारखी. म्हणून तर इथे नियम आहे. वक्त्याने आधी प्रश्न माईकवर परत सांगायचा, मग उत्तर द्यायचं. ऐकायचंय का?"

मुलीने कानाला हेडफोन लावले.

पूर्व आफ्रिकेतले एक माजी मंत्री लोकशाहीवर बोलत होते. टाळ्या झाल्या. मग खरंच गुणगुण आली. तिने डोळे मिटले, पण त्यातून एक शब्दही सुटा होईना. मग मंत्र्यांचा जड आवाज आला. "पहिल्या रांगेतल्या या गृहस्थांची मुलगी विचारते, पंचवीस वर्षं मंत्री असताना लोकशाहीची आठवण झाली नाही, ती निवृत्तीनंतरच कशी झाली?"

सभागृहात हशा. मंत्री पाणी प्यायल्याचा आवाज.

"परत लावा," मुलगी म्हणाली.

तेच होतं. शब्द तिचे होते. दर गुरुवारी सकाळी बाबा फोन करायचे आणि व्याख्यानाचं पत्रक वाचून दाखवायचे. मुलगी तेव्हा खांद्यावर पर्स अडकवून एका हाताने कुलूप लावत असायची. काहीतरी तिरकस बोलायची आणि फोन ठेवायची. तिचं वाचन दांडगं होतं, त्यामुळे तिरकसपणाला तोटा नव्हता.

तिने पुढची रेकॉर्डिंग ऐकली. काँगोच्या व्यंगचित्रकाराने प्रश्न परत सांगितला, "यांची मुलगी विचारते, ज्याचं चित्र काढलं तो राज्यकर्ताच खदखदून हसला, तर चित्र फसलं म्हणायचं का?" लुटून नेलेल्या मूर्ती परत मागणाऱ्या बेनिनच्या बाई माईकवर म्हणाल्या, "यांची मुलगी विचारते, चोराने वस्तू जपून ठेवली म्हणून घरमालकाने त्याचे आभार मानायचे का?" बाईंना प्रश्न इतका आवडला की त्यांनी तो दोनदा सांगितला.

"बाबांचा स्वतःचा असा एकही प्रश्न नाही?"

"मी तरी ऐकला नाही. मुलीचाच असायचा."

"शेवटच्या वेळचं लावा."

रेकॉर्डिंगवालीने हात मागे घेतला. "ते राहू द्या ना, ताई. त्यात वेगळं असं काही नाही."

"लावा."

त्या गुरुवारी मुलीने येते म्हणून कबूल केलं होतं. बाबांनी तीनदा आठवण करून दिली होती. उशीर झालाच तर मागे बसेन, असं तिने सांगितलं होतं. ऑफिसमधून आता निघू, मग निघू म्हणता म्हणता साडेपाच वाजले होते, आणि साडेपाचला व्याख्यान संपायचं.

मुखवटे घालून नाचणारे नायजेरियाचे एक वयस्कर नर्तक बोलत होते. मग गुणगुण आली. या खेपेला जरा लांबली. नर्तक म्हणाले, "या गृहस्थांची मुलगी विचारते, मुखवट्याच्या आत आपला शेजारीच आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. मग पूर्वज आले म्हणून सगळे वाट का सोडतात? गृहस्थ सांगतात, ती आज आली आहे, मागे बसली आहे. बाई, जरा उभ्या राहता का?"

खुर्च्या करकरल्या. सगळे मागे वळले असणार. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही.

मग टाळ्या. भरपूर टाळ्या.

"छान," नर्तक म्हणाले. "उत्तर सोपं आहे. आत कोण आहे, हे आम्ही विचारत नाही. आले, एवढं पुष्कळ असतं."

मुलीने हेडफोन काढले. "या टाळ्या कुणाला?"

रेकॉर्डिंगवाली एक वायर गुंडाळू लागली. "मला. मागे माझंच टेबल असतं. अख्खं सभागृह माना वळवून बसलेलं, तुमचे बाबाही. कुणीतरी उभं राहायला नको? राहिले उभी."

"त्यांना कळलं नसेल."

"नऊ वर्षं माझ्याबरोबर चहा घेत होते ते, ताई."

"मग काय केलं त्यांनी?"

"काय करणार? हात केला. मीही केला."

त्या दिवशी संध्याकाळी सातला बाबांचा फोन आला होता. "आलीस, बरं वाटलं," एवढंच म्हणाले होते. तिला तो टोमणा वाटला होता.