म्हसोबाचं वळण

बहात्तरच्या दुष्काळात ढोकीकडं जाणाऱ्या रस्त्याचं काम निघालं आन गावातल्या चुली पेटल्या. रस्ता संपला की चुली परत थंड, म्हणून खडी फोडता फोडता चांगुणा मुकादमाला म्हणाली, "दादा, फुडं सरळ नगा जाऊ. त्या धोंड्यात म्हसोबा हाय, लई कडक. एकदा त्यानं आख्खी गाडी बैलांसकट बाभळीला उलटी टांगली व्हती."

मुकादमानं घाबरून रस्त्याला वळसा दिला. काम वाढलं. मग काय, चांगुणाला दर फर्लांगाला नवा देव आठवाय लागला, आन रस्ता असा वाकडा झाला की सापानंबी लाजावं.

धा वर्सांनी त्योच रस्ता राज्य मार्ग झाला, कारखान्याला जाणारे उसाचे ट्रक त्यावरनं पळाय लागले. चांगुणा जीपनं भाच्याच्या लग्नाला निघाली. नवरीचं मंगळसूत्र तिच्याच पिशवीत, आन मुहूर्त डोक्यावर आलेला. पर ड्रायव्हर दर वळणाला जीप थांबवी, खाली उतरून नारळ फोडी, समद्यांना खोबरं वाटी.

म्हसोबाच्या वळणाला चांगुणाचा धीर सुटला. "आरं बाबा, हाक गाडी. हितं देव-बिव काय न्हाय. त्यो म्याच रचलाय."

ड्रायव्हरनं कानाला हात लावला.

"मावशी, असं बोलू न्हाय. मागल्या साली यानं ट्रक उसासकट टांगलाय बाभळीला," म्हणत त्यो तिच्या वतीनं माफीचा नारळ फोडाय परत खाली उतरला.