पुढच्या बाकांना खोकला

पिंपरीत कारखाना उभा राहत होता, त्या साली चिंचवडच्या चर्चमध्ये नवे पाद्रीसाहेब आले. प्रभुभोजनाचा प्याला सगळ्यांना एकच. पुढच्या बाकांवरची घरं मूळची वरच्या जातींची, म्हणून महारवाड्यातल्या रूथबाईचा ओठ प्याल्याला सगळ्यांच्या शेवटी लागायचा. हा रिवाज पाद्रीसाहेबांना कुणी सांगितलाच नव्हता. त्यांनी मागच्या बाकापासून सुरुवात केली. रूथबाई प्याली, आणि पुढं एकेकाला खोकला लागला. रुमाल तोंडावर गेले. प्याला जवळजवळ भरलेलाच परत आला.

उपासना संपल्यावर ती दाराशी थांबली.

"पाद्रीसाहेब, पुढच्या खेपेला मला शेवटीच द्या."

"प्रभूच्या मेजावर कसला पहिला-शेवटचा, बाई?"

"गावच्या इहिरीवर चढू देत न्हवते, म्हणून हितं आले. आता हितनं कुठं जाऊ?"