खालच्या मजल्यावरचा हीटर

बर्फाच्या देशातून नोकरीसाठी आलेल्या तिला थंडी म्हणजे काय ते या उन्हाच्या देशात कळलं. तिकडे घराच्या भिंती ऊब धरून ठेवायच्या. इथे हिवाळ्यात खोलीपेक्षा रस्ता बरा. खिडक्यांच्या फटी बुजवून द्या म्हणून तिने वरच्या मजल्यावरच्या घरमालकांना तीनदा विनवलं.

"बर्फातली माणसं तुम्ही, आणि इथे कुडकुडता?" ते सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असे हसले. "दिवसरात्र हीटर कसला लावता? मी बघा, वर अनवाणी फिरतो!"

ते खोटं बोलत नव्हते. तिने थर्मामीटर धरून पाहिला. पलंगापाशी तेरा अंश, छतापाशी सव्वीस. तिच्या हीटरची ऊब वर चढून मालकांची फरशी शेकत होती. खाली तापलं ते फक्त तिचं डोकं.

तिने हीटर बंद केला, बॅग भरली आणि मैत्रिणीकडे राहायला गेली.

चौथ्या दिवशी मालकांचा फोन आला. दातावर दात वाजत होते. "बाई, परत कधी येताय? घर अगदी गारठलंय हो तुमच्याशिवाय."

 

"आता उन्हाळ्यातच, काका."