विटेवरची चार बोटं

अमेरिकेतल्या आमच्या राज्याच्या विधानभवनाच्या विटा गुलाम मजुरांनी, म्हणजे आमच्याच पूर्वजांनी पाडल्या. त्यातल्या एका विटेवर कुणा मुलीच्या चार बोटांचे ठसे आहेत, ओल्या मातीत उमटलेले. आज त्या मजुरांच्या सन्मानाचा दिवस. ठशांत बोटं ठेवून पूर्वजांना पाणी वाहायचा मान माझ्या मावसबहिणीला, टॅलिथाला मिळाला. मला नाही!

"जुनेल, तोंड का फुगलंय गं?" वर्नेल मावशीनं चिमटा काढला. "माझ्या टॅलिथाची बोटं बघ, नाजूक. तुझी म्हणजे भेंड्या!"

भेंड्या? चर्चची मंडळी गाणं सुरू करेपर्यंत मी हळूच भिंतीशी गेले आणि ठशांत बोटं टेकवली. चपखल बसली!

"बघ," मी विटेला म्हणाले, "मी तुझी. ती नाही."

वीट कोमट लागली. हात ओढूनच काढावा लागला.

मग टॅलिथा पाण्याचा पेला घेऊन ऐटीत पुढे आली आणि थबकली.

"आई, ठसे कुठायत?"

वीट गुळगुळीत होती. मावशी वेड्यासारखी भिंत चाचपू लागली. हसू दाबायला मी हात तोंडाशी नेला, तशी बाही सरकली.

माझ्या मनगटावर चार ठसे होते, ओल्या मातीचे. आणि ते हळूहळू आवळत चालले होते.